तपासणीच्या यादीत नसलेली भेग

२३ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळच्या सावार येथील राणा प्लाझा या आठमजली इमारतीच्या भिंतींना आणि खांबांना भेगा पडल्या. पाहणीला आलेल्या अभियंत्याने इमारत धोक्याची असल्याचे सांगितले. खालची दुकाने बंद झाली. तिथल्या बँकेच्या शाखेने आपल्या कर्मचाऱ्यांना घरी पाठवले. वरच्या मजल्यांवर तयार कपड्यांचे पाच कारखाने होते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी कामगारांना आत घेतले. जे कचरत होते त्यांना पगार अडकवण्याची धमकी दिली गेली, असे बचावलेल्यांनी पुढे सांगितले. नऊच्या सुमारास वीज गेली, वरचे जनरेटर सुरू झाले आणि काही क्षणांत अख्खी इमारत खाली बसली. १,१३४ माणसे मेली. सुमारे अडीच हजार जखमी झाली.

भेगा त्याच होत्या, त्या सगळ्यांनी पाहिल्या होत्या. मग बँकेने एक निर्णय घेतला आणि कारखान्यांनी दुसरा, असे का? इमारतीचा मालक सोहेल राणा याचा गुन्हा उघड होता. वरचे मजले परवानगीविना चढवलेले होते. भारताच्या सीमेकडे पळताना तो बेनापोलजवळ पकडला गेला. पण कारखानदारांना त्या सकाळी मशीन सुरू ठेवावेसे का वाटले, याचे उत्तर सावारमध्ये पुरते सापडत नाही. ते प्रायमार्क, बेनेटन, मँगो, जो फ्रेश अशा नावांच्या खरेदी कार्यालयांत शोधावे लागते. ढिगाऱ्यात त्यांची लेबले आणि ऑर्डरचे कागद सापडले.

या पाचपैकी दोन कारखान्यांची युरोपातल्या व्यापारी संघटनेच्या आचारसंहितेनुसार तपासणी झालेली होती. एकाची तपासणी जर्मनीतील टीयूव्ही ऱ्हाइनलँड या नामवंत संस्थेने केली होती. दुर्घटनेनंतर खुलासा आला तो असा : इमारतीची मजबुती पाहणे हा त्या तपासणीचा भागच नव्हता. खुलासा खोटा नव्हता, आणि दुखणे नेमके तिथेच होते.

प्रमाणपत्र आणि गजांच्या खिडक्या

सामाजिक तपासणीचा हा धंदा कसा वाढला, ते समजून घ्यायला काही दशके मागे जावे लागते. नाइकेसारख्या कंपनीने बुटांच्या धंद्याची घडीच बदलली. कंपनीने आरेखन, जाहिरात आणि विक्री करायची. शिवणकाम दुसऱ्याच्या कारखान्यात, स्वस्त मजुरीच्या देशात. जपान महागला तेव्हा काम कोरिया आणि तैवानला गेले, तिथून इंडोनेशिया, चीन, व्हिएतनामला. कारखाना आपला नाही, म्हणून तिथला कामगारही आपला नाही, अशी ही सोय होती.

१९९० च्या दशकात ही सोय अंगाशी आली. इंडोनेशियातील मजुरी, सियालकोटमध्ये फुटबॉल शिवणारी मुले यांची छायाचित्रे आणि वृत्तान्त अमेरिकेत छापून आले. लिव्हायसने १९९१ मध्ये आणि नाइकेने १९९२ मध्ये पुरवठादारांसाठी आचारसंहिता काढल्या. तरीही टीका थांबली नाही. मे १९९८ मध्ये नाइकेचे प्रमुख फिल नाइट यांना वॉशिंग्टनच्या नॅशनल प्रेस क्लबमध्ये उभे राहून कबूल करावे लागले, की आपल्या मालाचे नाव गुलामीची मजुरी आणि सक्तीचा ओव्हरटाइम यांच्याशी जोडले गेले आहे. २००५ मध्ये नाइकेने सातशेहून अधिक पुरवठादार कारखान्यांची नावे जाहीर केली. तोवर ती व्यापारी गुपिते मानली जात होती.

पण संहिता लिहिणारी कंपनी, तपासणीचे पैसे देणारी बहुधा तीच कंपनी किंवा तिचा पुरवठादार, आणि अहवाल ठेवला जाणार तिच्याच कपाटात. कामगाराला तो बघायलाही मिळत नसे. परीक्षकाची फी परीक्षार्थी भरू लागला की निकाल कसा लागणार, हे कोणीही सांगेल.

कराचीतील अली एंटरप्रायझेसने ते दाखवून दिले. या कारखान्याला ऑगस्ट २०१२ मध्ये एसए ८००० हे कामाच्या ठिकाणच्या परिस्थितीबद्दलचे मानाचे प्रमाणपत्र मिळाले. ते रिना या इटालियन संस्थेच्या नावे होते. प्रत्यक्ष पाहणी स्थानिक उपकंत्राटदाराने केली होती. जेमतेम तीन आठवड्यांनी, ११ सप्टेंबरला, तिथे आग लागली. खिडक्यांना गज, बाहेर पडायच्या वाटा बंद. अडीचशेहून अधिक कामगार मेले. ही आग खंडणीसाठी लावलेली होती, असा निकाल पाकिस्तानी न्यायालयाने २०२० मध्ये दिला. आग कोणी लावली हा एक प्रश्न झाला. आग लागल्यावर माणसांना बाहेर का पडता आले नाही, हा दुसरा. आणि प्रमाणपत्र दुसऱ्या प्रश्नाबद्दल होते.

त्या कारखान्याचा मुख्य ग्राहक किक ही जर्मन कंपनी होती. मृतांच्या नातेवाइकांनी आणि एका जखमी कामगाराने तिला जर्मनीतील डॉर्टमुंडच्या न्यायालयात खेचले. जानेवारी २०१९ मध्ये दावा फेटाळला गेला. कारण होते मुदतीचे : पाकिस्तानी कायद्याप्रमाणे दावा उशिरा आला होता. किकची जबाबदारी होती की नव्हती, हे न्यायालयाने ठरवलेच नाही. किकने ५१ लाख ५० हजार डॉलरची भरपाई दिली ती २०१६ मध्ये, आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या मध्यस्थीने झालेल्या समझोत्यातून.

सही करायला कोण तयार होते?

राणा प्लाझा हा पहिला इशारा नव्हता. एप्रिल २००५ मध्ये त्याच सावारमध्ये स्पेक्ट्रम कारखाना कोसळून ६४ कामगार मेले होते. नोव्हेंबर २०१२ मध्ये आशुलियातील ताझरीन फॅशन्सच्या आगीत ११० हून अधिक मेले. दरम्यान, २०११ मध्ये कामगार संघटनांनी ढाक्यात एक प्रस्ताव मांडला होता : ब्रँडनी मिळून स्वतंत्र तपासणी करावी, दुरुस्तीचा खर्च उचलावा, आणि करार कायद्याने बंधनकारक असावा. वॉलमार्ट आणि गॅप यांनी त्याला नकार दिला. तो लागू व्हायला चार ब्रँडच्या सह्या हव्या होत्या. २०१२ संपेपर्यंत दोनच झाल्या, पीव्हीएच आणि चिबो यांच्या.

राणा प्लाझानंतर तीन आठवड्यांत मात्र जगाच्या वर्तमानपत्रांनी काम केले. मे २०१३ मध्ये ‘अकॉर्ड’ म्हणून ओळखला जाणारा करार झाला आणि पुढे त्यावर दोनशेहून अधिक कंपन्यांनी सह्या केल्या. समोरच्या बाजूला इंडस्ट्रीऑल आणि युनी या जागतिक कामगार महासंघांच्या सह्या होत्या. कंपन्यांच्या जबाबदारीच्या इतिहासात हा कागद वेगळा ठरतो तो त्यातल्या काही कलमांमुळे. तपासणारे अभियंते ब्रँडचे नोकर नसतील. अहवाल सर्वांना वाचता येईल. दुरुस्तीला पैसा उपलब्ध होईल हे बघणे ब्रँडचे काम. धोका दिसला तर कामाला नकार द्यायचा कामगाराला हक्क. आणि ब्रँडने शब्द पाळला नाही, तर कामगार संघटना त्याला लवादापुढे उभे करू शकेल.

अभियंते सुमारे १,६०० कारखान्यांत फिरले. पहिल्या वर्षभरातच त्यांनी ८० हजारांहून अधिक त्रुटी नोंदवल्या : कुलूप लावलेले आणीबाणीचे दरवाजे, आग न अडवणारे जिने, भार न पेलणारे खांब. यांतल्या अनेक कारखान्यांची आधी तपासणी झालेलीच होती. २०२० पर्यंत पहिल्या पाहणीतल्या ९० टक्क्यांहून अधिक त्रुटी दुरुस्त झाल्या होत्या.

लवादाचे कलम शोभेचे नव्हते, हेही दिसले. पुरवठादारांकडून वेळेत दुरुस्ती करून न घेतल्याबद्दल २०१६ मध्ये संघटनांनी दोन ब्रँडना हेगच्या कायमस्वरूपी लवाद न्यायालयात नेले. दोन्ही प्रकरणे तडजोडीने मिटली. एकाने २३ लाख डॉलर मोजले, त्यातला बहुतेक पैसा दीडशेहून अधिक कारखान्यांच्या दुरुस्तीसाठी होता. तडजोडीच्या अटीनुसार त्या ब्रँडची नावे मात्र गुप्त राहिली.

कराराच्या कक्षेत काय होते आणि काय नव्हते, त्याचा हिशेब फार क्रूरपणे झाला. जुलै २०१७ मध्ये गाझीपूरच्या मल्टिफॅब्ज कारखान्यात बॉयलर फुटून १३ जण मेले. कारखाना अकॉर्डखाली होता, पण बॉयलर तेव्हा तपासणीच्या यादीत नव्हता; तो नंतर आला. जुलै २०२१ मध्ये रूपगंजच्या हाशेम फूड्समध्ये आग लागून पन्नासहून अधिक मेले, दार कुलूपबंद होते. तो फळांच्या रसाचा कारखाना होता, कपड्यांचा नव्हता. त्याच देशात, तेच सरकार आणि तीच सरकारी तपासयंत्रणा असताना, करार जिथपर्यंत पोहोचला तिथपर्यंत दरवाजे उघडले गेले.

किंमत ठरवणारा हात

अकॉर्डने इमारती सुधारल्या, मजुरीला हात लावला नाही. बांगलादेशात कपडे कामगाराचे किमान मासिक वेतन डिसेंबर २०१३ मध्ये ५,३०० टका झाले, २०१८ मध्ये ८,०००, आणि २०२३ मध्ये रस्त्यावर कामगारांचे बळी गेल्यानंतर १२,५०० टका. मागणी याच्या जवळपास दुप्पट होती. कारखानदार सांगतात, ब्रँड दर वाढवत नाहीत. ते अगदीच बहाणा करतात असे नाही. माल उशिरा गेला तर दंड, किंवा स्वतःच्या खर्चाने विमानाने पाठवायचा. कापड कारखान्याने घ्यायचे, मजुरी कारखान्याने द्यायची, आणि पैसे मिळणार शिपमेंटनंतर काही आठवड्यांनी. मार्च २०२० मध्ये करोनामुळे युरोप-अमेरिकेतील दुकाने बंद होताच ब्रँडनी ऑर्डरी रद्द केल्या किंवा थांबवल्या. बांगलादेशातल्या उत्पादक संघटनेच्या हिशेबाने ही रक्कम तीन अब्ज डॉलरच्या वर होती. काही ब्रँडनी टीकेनंतर पैसे दिले. शाश्वततेचे गुळगुळीत अहवाल त्या वर्षीही वेळेवर निघाले.

गरीब देशांतच हे घडते अशी समजूत असेल, तर इटलीकडे पाहावे. २०२४ मध्ये मिलानच्या न्यायालयाने अरमानी आणि डिओर यांच्या उत्पादन कंपन्यांवर न्यायालयीन प्रशासक नेमले. चामड्याच्या महाग पिशव्यांचे काम उपकंत्राटदारांमार्फत चालणाऱ्या शोषणाच्या वर्कशॉपांपर्यंत गेले होते, आणि कंपन्यांनी नीट लक्ष ठेवले नव्हते. न्यायालय दारात आल्यावर देखरेखीच्या पद्धती सुधारल्या आणि प्रशासक मागे घेतले गेले.

दिंडीगुल आणि कोल्हापूर

भारतातही अकॉर्डसारखा एक करार झाला. तमिळनाडूतील दिंडीगुल जिल्ह्यात, एचअँडएमसाठी कपडे शिवणाऱ्या नाची ॲपरल्स या कारखान्यातील एका तरुण दलित कामगार मुलीचा जानेवारी २०२१ मध्ये खून झाला. संशयित तिचाच सुपरवायझर होता. दलित स्त्रियांच्या नेतृत्वाखालील टीटीसीयू या स्थानिक संघटनेने हे प्रकरण लावून धरले. एप्रिल २०२२ मध्ये कारखान्याची मालक कंपनी ईस्टमन एक्स्पोर्ट्स हिच्याशी आणि एचअँडएमशी बंधनकारक करार झाले. गॅप आणि पीव्हीएचही त्यात आले. मजल्यामजल्यावर प्रशिक्षित कामगार स्त्रिया छळाच्या तक्रारी नोंदवू लागल्या. कारखान्याने करार मोडला, तर ऑर्डर कमी होण्याचा धोका खरा होता.

महाराष्ट्रात हा प्रश्न २०२५ च्या जूनमध्ये पायात आला. मिलानच्या प्रदर्शनात प्राडाने कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या, मूळ न सांगता. २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली ही चप्पल महाराष्ट्र आणि कर्नाटकातील चार-चार जिल्ह्यांत बनते. महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सच्या पत्राला प्राडातर्फे उत्तर दिले ते कंपनीच्या सामाजिक जबाबदारी विभागाचे प्रमुख लोरेन्झो बेर्तेली यांनी. मुंबई उच्च न्यायालयातील जनहित याचिका जुलैमध्ये फेटाळली गेली. कारण याचिकाकर्ते मानांकनाचे नोंदणीधारक नव्हते. नोंदणीधारक आहेत दोन्ही राज्यांची चर्मोद्योग महामंडळे. डिसेंबरमध्ये प्राडाने या महामंडळांशी करार केला. त्यात इथल्या कारागिरांकडून २,००० जोड बनवून घेण्याची आणि प्रशिक्षणाची योजना आली, जोडामागे किंमत साधारण ८०० युरो. कारागिराला यातले काय मिळते, यावरच या कराराची परीक्षा व्हावी. महामंडळांनी जोडामागची मजुरी जाहीर करावी, एवढी मागणी तरी आपण करू शकतो.

आपला दोन टक्क्यांचा कायदा

राणा प्लाझा कोसळल्यानंतर चार महिन्यांनी भारताचा नवा कंपनी कायदा आला. कलम १३५ नुसार ठरावीक आकारापुढच्या कंपन्यांनी आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करायची. शाळा, दवाखाने, पाण्याच्या टाक्या उभ्या राहिल्या, हे चांगलेच झाले. पण कंपनीच्या नेहमीच्या व्यवसायाचा भाग असलेले काम या खर्चात धरत नाहीत. स्वतःच्या कर्मचाऱ्यांवर केलेला खर्चही धरत नाहीत. म्हणजे कारखान्याचा जिना रुंद केला, तर तो या कायद्याच्या लेखी सामाजिक जबाबदारी ठरत नाही. शेजारच्या गावात झाडे लावली, तर ठरते. नफा कसा खर्च करावा यावर आपला कायदा बोलतो. नफा कसा मिळवला, पुरवठादाराच्या पुरवठादाराकडे काय चालते, यावर फ्रान्सने २०१७ मध्ये कायदा केला. जर्मनीचा २०२३ पासून लागू झाला. युरोपीय संघाचा २०२४ चा कायदा मात्र उद्योगांच्या दबावाखाली पुढच्याच वर्षी लांबणीवर पडला.

मालकाला जबाबदार धरण्याची मागणी आपल्याकडे जुनी आहे. मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मागण्या मांडल्या. त्यांत रविवारची सुट्टी होती, तशीच कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार आणि कायमचा अपंग झालेल्याच्या निर्वाहाची सोयही होती. सुट्टी मिळाली १८९० मध्ये, ती मालकांच्या दानतीतून नव्हे. राणा प्लाझाच्या जखमींसाठी आणि मृतांच्या कुटुंबीयांसाठी ३ कोटी डॉलरचा निधी पुरा व्हायला जून २०१५ उजाडला, तोही ऐच्छिक देणग्यांतून. सव्वाशे वर्षांनंतरही भरपाई कंपन्यांच्या मर्जीवर ठेवलेली होती.

दिवाळीत कपडे-चपला घेताना प्रत्येक लेबलाचा तपास करणे कोणालाही शक्य नाही, आणि बहिष्काराने पहिली नोकरी जाते ती शिवणाऱ्या बाईचीच. मात्र आपल्यापैकी अनेक जण कपडे-चपला विकणाऱ्या कंपन्यांचे भागधारक आहेत, काही जण त्यांच्या खरेदी आणि लेखा विभागांत काम करतात, काही पत्रकार आहेत. त्यांनी कंपनीच्या जबाबदारीच्या अहवालात दोनच गोष्टी शोधाव्यात : पुरवठादार कारखान्यांची नावानिशी यादी, आणि कामगार संघटनेबरोबर सही केलेला, मोडल्यास न्यायालयात किंवा लवादापुढे नेता येईल असा करार. दोन्ही नसतील, तर बाकीची पाने जाहिरात समजून उलटावीत आणि वार्षिक सभेत हे दोन प्रश्न उभे राहून विचारावेत.