चाकांवरचे घर आणि आकाशाचा आधार

अमेरिकेत ‘आर. व्ही.’ म्हणजे चूल, बिछाना, न्हाणीघर असलेले चाकांवरचे घर. नेवाडासारख्या राज्यातील ओसाड जमिनीवर ते उभे केले की ना वीज, ना तार; मोबाइलचा मनोराही डोंगराआड. मग इंटरनेट आणावयाचे कोठून? अर्थात आकाशातून!

जुने दळणवळण उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३५,८०० किलोमीटर उंचीवर असतात. प्रश्न वर जाऊन खाली येतो, उत्तरही तसेच. या चौपट प्रवासास प्रकाशाच्या वेगानेही जवळजवळ अर्धा सेकंद लागतो. पत्र वाचण्यास हे चालते. परंतु डॉक्टरांशी बोलताना दोघांची वाक्ये एकमेकांवर आदळतात. स्टारलिंकचे उपग्रह सुमारे ५०० किलोमीटरवर फिरतात. तेथे हाच प्रवास सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आत आटोपतो. २०२२ साली ही सेवा फिरत्या घरांसाठीही सुरू झाली.

तरी एक पेच उरतोच. माणसाला झाडाची सावली हवी आणि तबकडीला मोकळे आकाश. तिला लागणारी वीज देणारे सौरपट्टेही उन्हातच हवेत. म्हणून घर सावलीत ठेवून या दोन्ही वस्तू लांब वायरीने उघड्यावर मांडाव्या लागतात. रानात मुक्काम ठोकण्यापूर्वी पाण्याइतकेच आकाशही पाहून घ्यावे, ते यासाठीच.