कथेतली खोली

आपल्या समाजातील मुले-मुली आता कथा लिहू लागली आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. मात्र यातल्या बऱ्याच कथांत नायकाचे घर आले की सोफा येतो, झुळझुळीत पडदा येतो, खिडकीबाहेर बागही येते. लिहिणारा मुलगा राहतो कात्रपच्या चाळीत, एका खोलीत पाच माणसांबरोबर! स्वतःच्या घराची लाज वाटते म्हणून तो टीव्हीच्या मालिकेतले घर उसने आणतो. मग त्या उसन्या घरात त्याची पात्रे पाहुण्यासारखी अवघडून बसतात.

दया पवारांनी 'बलुतं' (१९७८) या आत्मकथनात अशी उसनवारी केली नाही. मुंबईतल्या कावाखान्याच्या एकेका खोलीत दोन-तीन पोटभाडेकरू आणि मध्ये लाकडी खोक्यांचा आडोसा, एवढे त्यांनी दाखवले. आडोशापलीकडे कुजबुजसुद्धा ऐकू जात असणार, हे वाचकाला वेगळे सांगावे लागत नाही. ऊर्मिला पवारांच्या 'आयदान'ला (२००३) तर आईच्या हातातल्या बांबूकामानेच नाव दिले.

भिंत, कपाट, पंखा, टीव्ही अशी यादी लिहिणे म्हणजे पंचनामा. कचेरीत आम्ही कारकून मंडळी डेडस्टॉकची नोंद अशीच करतो, ती वाचून कोणाच्या डोळ्यांत पाणी येत नाही. 'खोली लहान होती' या वाक्यातही काही दिसत नाही. 'बाबा दुसऱ्या पाळीहून आले की दार उघडायला धाकट्याचे अंथरूण सरकवावे लागे' असे लिहिले की खोलीची लांबी-रुंदी कळते, बाबांची नोकरी कळते आणि धाकट्याची मोडलेली झोपही कळते.

शिवाय खोली दिवसभर एकसारखी नसते. पहाटेच्या लोकलसाठी डबा होताना ती स्वयंपाकघर असते, संध्याकाळी मुलांची अभ्यासिका, रात्री झोपायची जागा. त्यातच एमआयडीसीकडून वास आला की उकाडा सोसून खिडकी लावून घ्यावी लागते. आणि पाहणारे माणूस बदलले की खोलीही बदलते. नवी सून घरात पाऊल टाकते तेव्हा तिला शोकेस आधी दिसत नाही. मोरीचा पडदा खालपर्यंत पोहोचतो की नाही, हे दिसते. लेखकाने तिच्या डोळ्यांनी पाहावे.

बाबूराव बागुलांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' (१९६३) या कथेचा नायक रेल्वेच्या नोकरीसाठी परमुलखात जातो आणि जात लपवून राहतो. तिथे घर म्हटले की आसऱ्याबरोबर धास्तीही आलीच. आजही भाड्याची खोली पाहायला गेल्यावर हा अनुभव येतो. लादी पसंत पडते, नळाला पाणी असते, भाडेही परवडणारे असते. मालक चावी हातात धरून पूर्ण नाव विचारतो. त्या क्षणी ती लादी, तो नळ आणि ते दार त्या माणसाला कसे दिसते, ते आपल्या तरुणांनी लिहून पाहावे.