अर्जातील तिसरा रकाना

महाविद्यालयात प्रवेश घेताना आपण सर्वांनीच अर्ज भरला. नाव, जन्मतारीख, पत्ता आणि मग स्त्री की पुरुष. या शेवटच्या प्रश्नापाशी आपले पेन क्षणभरही अडखळत नाही. ज्यांचे अडखळते, अशी माणसे आपल्याच समाजात आहेत. त्यांना आपण तृतीयपंथी म्हणतो आणि बहुधा तेवढे म्हणून विसरून जातो. त्यांच्याविषयी कायदा काय सांगतो, ते मला समजले तसे येथे मांडीत आहे.

आपल्या राज्यघटनेच्या १४ व्या कलमाने समानता दिली ती ‘व्यक्ती’ला. त्यात स्त्री वा पुरुष असा भेद नाही. १५ व्या कलमाने लिंगावरून भेदभाव करण्यास राज्याला मनाई केली. तरीही ही कलमे तृतीयपंथीयांचीही आहेत, हे स्पष्ट होण्यास २०१४ साल उजाडावे लागले. त्या वर्षी १५ एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाचे न्या. राधाकृष्णन व न्या. सिक्री यांनी निकाल दिला. आपले लिंग कोणते, हे ठरविण्याचा अधिकार ज्याचा त्यालाच आहे, त्यासाठी शस्त्रक्रियेची अट घालता येणार नाही, असे त्यांनी सांगितले. पुढे २०१९ साली संसदेने स्वतंत्र कायदा केला. शिक्षण, नोकरी, आरोग्यसेवा, निवास यांत भेदभाव करण्यास त्याने मनाई केली. ओळखपत्र देण्याचे काम जिल्हा दंडाधिकाऱ्याकडे सोपविले.

परंतु हक्क मिळणे वेगळे आणि तो टेबलापाशी चालणे वेगळे. जळगाव जिल्ह्यातील भादली बुद्रुकचे उदाहरण पाहा. तेथील ग्रामपंचायत निवडणुकीत अंजली गुरू संजना जान यांनी स्त्रियांसाठी राखीव जागेवर अर्ज भरला. त्या तृतीयपंथी आहेत, म्हणून निवडणूक निर्णय अधिकाऱ्याने तो फेटाळला. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २ जानेवारी २०२१ रोजी तो निर्णय रद्द केला. त्यांनी स्त्री ही ओळख स्वीकारली आहे, तेव्हा त्यांना स्त्री म्हणून उभे राहता येईल, असे न्या. घुगे यांनी ठरविले. मात्र पुढे सोयीनुसार ही ओळख बदलता येणार नाही, असेही बजावले. त्या निवडणुकीत अंजलीताई निवडून आल्या. न्यायालयाने दिले ते मतदारांनी नाकारले नाही, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

पोलीस भरतीचेही तसेच. अर्जात तिसरा पर्याय ठेवा, असा आदेश महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाने नोव्हेंबर २०२२ मध्ये दिला. शासनाने त्याला उच्च न्यायालयात आव्हान दिले आणि डिसेंबरात तसा पर्याय देण्याचे मान्य केले. एका रकान्यासाठी एवढी पायपीट!

कायद्यात उणिवाही राहिल्या. २०१९ च्या मूळ कायद्यातील १८ व्या कलमाने वेठबिगारी, घरातून हाकलणे, सार्वजनिक जागी मज्जाव करणे, छळ करणे यांना शिक्षा ठेवली. केवळ नोकरी नाकारणाऱ्याला मात्र तेथे शिक्षा सांगितलेली नाही. शिवाय तृतीयपंथी व्यक्तीवरील लैंगिक अत्याचाराला जास्तीत जास्त दोन वर्षे कैद ठेवली. स्त्रीवरील बलात्काराला २०१८ पासून किमान दहा वर्षे सक्तमजुरी आहे. एकाच देशात दोन देहांची किंमत इतकी निराळी का, याचे उत्तर मला सापडत नाही.

चिपळूणला बसून या गोष्टी दूरच्या वाटतात. पण शिमग्यात आपल्याकडे नमन रंगते, त्यातल्या गवळणी परंपरेने पुरुषच होतात आणि आपण मनापासून दाद देतो. ते सोंग असते, पहाटे उतरते. ज्यांचे ते सोंग नाही, तर आयुष्य आहे, त्यांना बाजारपेठेत पाहून मात्र आपण तोंड फिरवतो किंवा हसतो.

मित्रहो, आपल्यापैकी कित्येकजण उद्या शिक्षक होतील, बँकेत वा कचेरीत टेबलामागे बसतील. भादलीचा तो अर्ज कोण्या दुष्ट माणसाने फेटाळला असेल, असे मी मानीत नाही. पण तेथे अडलेले पाऊल उच्च न्यायालयापर्यंत न्यावे लागले. आपल्या टेबलापाशी ते अडू नये, एवढे तरी आपण शिकून बाहेर पडावे.