उपनगरांत घर पाहतांना

मुंबईंत नोकरी आणि उपनगरांत बिऱ्हाड ही रीत जुनीच आहे. १८५३ सालीं बोरीबंदराहून ठाण्यापर्यंत आगगाडी धांवली, तेव्हांच तिचें बीज पडलें. घर पाहणारा गृहस्थ आधीं भाडें विचारतो, मग अंतर. येथून गाडी सुटते काय, हें मात्र विचारावयाचें राहून जातें. डोंबिवली कल्याणापेक्षां मुंबईस जवळ खरी. परंतु कर्जत व कसारा या दोन्ही मार्गांवरील गाड्या कल्याणास एकत्र येतात, आणि डोंबिवलीस पोंचतात त्या भरूनच. तेथूनच सुटणारी लोकल साधली तर ठीक. नाहीं तर दाराशीं लोंबकळणें, आणि त्यांत दरसाल माणसें प्राणांस मुकतात. उलट विरार चर्चगेटपासून ६० किलोमीटर, पण बऱ्याच लोकल तेथूनच निघतात. म्हणून नालासोपाऱ्याची मंडळी उलटी विरारास जाऊन जागा धरतात, व विरारकर रागावतात. दोघांचेंही खरेंच आहे!

घर रविवारीं पाहूं नये. पावसाळ्यांत, कामाच्या दिवशीं, कचेरीच्या वेळेस त्या स्थानकावर उभें राहावें; पत्नीचीही नोकरी असेल तर तिला बरोबर न्यावें, कारण स्त्रियांच्या डब्यांतली गर्दी पुरुषांस कळत नाहीं. स्थानकापासून घर किती मिनिटांवर आहे, तेंही स्वतः चालून घड्याळावर मोजावें. जाहिरातींतल्या मिनिटांवर विसंबूं नये.