साठ हजार कोटी, तेही किलोमीटरला

६० हजार कोटी म्हटलं की आपल्याला एखादा घोटाळाच आठवतो. हा आकडा मात्र सरकारमान्य आहे. बीएस-६ डिझेल मोटारीने एका किलोमीटरला धुराचे घन कण जास्तीत जास्त एवढे सोडावेत, असा नियम आहे. सेकंदाला एक या गतीने ते मोजायला बसलात तर १९ हजार वर्षं लागतील. पुणे-मुंबईच्या दीडशे किलोमीटरांत ही मर्यादा ९० लाख कोटींवर जाते. एवढ्याच प्रवासाला कणांच्या वजनाची मर्यादा किती? पाऊण ग्रॅमसुद्धा नाही!

खरी गोम इथेच आहे. मोजणीत २३ नॅनोमीटर इतके बारीक कणही धरतात. केसाच्या जाडीत असे तीनेक हजार ओळीने मावतील. तराजूला ते जाणवत नाहीत, फुप्फुसात मात्र खोलवर शिरतात. म्हणून युरोपने २०११ मध्ये डिझेल मोटारींना वजनाबरोबर कणसंख्येचीही अट घातली. आपण बीएस-५ गाळून १ एप्रिल २०२० ला थेट तिथे पोचलो.

ट्रकचा हिशेबही बघा. सरासरी १०० किलोवॉट ताकद देत आठ तास चाललेल्या इंजिनाला २००० सालच्या नियमाने ६.४ किलो नायट्रोजन ऑक्साइड आणि २८८ ग्रॅम कण माफ होते. आता ३६८ ग्रॅम आणि ८ ग्रॅम.

नायट्रोजन ऑक्साइडचा बंदोबस्त युरियाचं द्रावण करतं, काजळीचा डीपीएफ, म्हणजे डिझेल पार्टिक्युलेट फिल्टर. हा सिरॅमिकचा ठोकळा. चौरस इंचात दोन-तीनशे बारीक नळ्या, प्रत्येकीचं एक तोंड बुजवलेलं. धुराला भिंतीतून झिरपूनच बाहेर पडावं लागतं आणि काजळी आत अडकते. ती साठली की गाडी जादा डिझेल खर्चून फिल्टर सहाशे अंशांच्या आसपास तापवते आणि काजळी जाळते. गावातल्या गावात फिरणाऱ्या गाडीला तेवढी धग मिळत नाही, मग डॅशबोर्डवर दिवा लागतो. अशा वेळी कोणी तरी सल्ला देतोच, ‘काढून टाका, ॲव्हरेज वाढेल.’ पण चांगला डीपीएफ शंभरातले नव्याण्णवहून जास्त कण अडवतो. तो काढला की कण शंभरपट!

आपल्या पीयूसीत डिझेल गाडीचा धूर किती दाट एवढंच पाहतात. हे बारीक कण त्यात निसटतात. जर्मनीत १ जुलै २०२३ पासून नियमित तपासणीत कण मोजतात, मर्यादा घनसेंटीमीटरला अडीच लाख. तसं यंत्र आपल्या पीयूसी केंद्रांवरही आलं पाहिजे.