पुराच्या जागेवरची बाग

कराडला कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भेटतात आणि एक झालेले पात्र जवळपास काटकोनात वळून पूर्वेला निघून जाते. दोघींचा उगम महाबळेश्वरचा, पण खोरी वेगळी. या भेटीच्या जागेला गाव प्रीतिसंगम म्हणते. काठावर घाट आहे, कृष्णामाईचे देऊळ आहे, यशवंतराव चव्हाणांची समाधी आहे आणि या सगळ्याला धरून एक बाग आहे. 2011 च्या जनगणनेत ज्या गावाची लोकसंख्या 54 हजारांच्या आसपास होती, त्याच्या मानाने या बागेवर पडणारा भार मोठा आहे. सकाळी फिरणारे, संध्याकाळी मुलांना घेऊन येणारे, कृष्णामाईच्या यात्रेची गर्दी, गणपती विसर्जनाच्या मिरवणुका, 25 नोव्हेंबरला समाधीपुढे लागणारी नेत्यांची रांग, आणि गुरू कन्या राशीत आला की बारा वर्षांनी कृष्णाकाठी भरणारे कन्यागताचे पर्व. इतक्यांचा वावर असूनही ही जागा कोणा एकाची झाली नाही. गावोगावच्या मोकळ्या जागांचे काय होते हे आपण पाहतो. आधी एका कोपऱ्यात कट्टा होतो, मग कट्ट्यावर पत्रा, पत्र्याखाली कोणाच्या तरी स्मरणार्थ पाटी, आणि शेवटी रस्त्याच्या बाजूने व्यापारी गाळे. प्रीतिसंगमावर हे घडले नाही. त्याचे श्रेय गावाच्या शहाणपणाला जरूर द्यावे, पण मोठा वाटा नदीचा आहे. या बागेत पूर येतो, आणि पुरापुढे कोणाची मालकी टिकत नाही.

बागेचा राजकीय इतिहास थोडक्यात सांगता येतो. महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री यशवंतराव 25 नोव्हेंबर 1984 रोजी दिल्लीत गेले आणि त्यांच्यावर अंत्यसंस्कार कराडला झाले. त्यांचे घर ‘विरंगुळा’ याच गावातले आणि आत्मचरित्राचे नाव ‘कृष्णाकाठ’. तेव्हापासून राज्याच्या राजकारणात वळण आले की नेते इथे येतात. 2 जुलै 2023 रोजी राष्ट्रवादी काँग्रेस फुटली आणि दुसऱ्याच दिवशी, गुरुपौर्णिमेला, शरद पवार समाधीपुढे उभे होते. वृत्तवाहिन्यांना ही जागा माहीत आहे ती अशा दिवसांमुळे. पण वर्षातले हे एखाददोन दिवस म्हणजे बाग नव्हे. बागेचे खरे वेळापत्रक दोन ठिकाणी ठरते, पंचांगात आणि कोयना धरणाच्या नियंत्रण कक्षात.

त्यातली दुसरी जागा अधिक लक्ष देऊन पाहण्यासारखी आहे. कोयनेच्या शिवाजीसागर जलाशयाची क्षमता 105.25 टीएमसी. यातले बरेचसे पाणी वीजनिर्मितीसाठी डोंगराखालून पश्चिमेला, कोकणात उतरते. ते कराडला कधीच दिसत नाही. पूर्वेकडे नदीत पाणी येते ते धरणाच्या पायथा वीजगृहातून आणि सहा वक्राकार दरवाजांतून. पायथा वीजगृहाची दोन्ही युनिटे चालू झाली तरी विसर्ग 2100 क्युसेकच असतो आणि घाटावर कोणाला त्याची फारशी जाणीव होत नाही. दरवाजे उचलले की मात्र चित्र पालटते. 2019 च्या ऑगस्टमध्ये हा विसर्ग लाख क्युसेकच्या पुढे गेला होता. धरण पावसाच्या सुरुवातीलाच काठोकाठ भरून ठेवत नाहीत. पुढच्या पावसासाठी जागा राखत टप्प्याटप्प्याने भरतात आणि पावसाळ्याच्या अखेरीस पूर्ण पातळीला नेतात. म्हणजे भाद्रपद येतो तेव्हा धरण जवळपास भरलेले असते आणि एखादा जोरदार पाऊसही दरवाजे उघडायला पुरतो. अनंत चतुर्दशी 2020 मध्ये 1 सप्टेंबरला होती, 2023 मध्ये 28 सप्टेंबरला. जवळपास महिनाभर मागेपुढे होणारा हा दिवस कोणत्या पाण्याला गाठेल हे मांडवातल्या कार्यकर्त्याला आधी सांगता येत नाही. घाटाच्या कितव्या पायरीवर उभे राहायचे हे त्या दिवशी नदी सांगते. त्यात कृष्णेचे स्वतःचे पाणी वेगळेच. धोम आणि कण्हेरपासून तारळीपर्यंतची धरणे तिच्या खोऱ्यात आहेत. दोन्ही बाजूंनी एकाच वेळी लोंढा आला की संगमावर पाण्याला फुगवटा येतो आणि ते बागेत शिरते. ओसरताना गाळ ठेवून जाते. माळ्याचे आणि सफाई कामगाराचे पहिले काम मग फावड्याने वाटा मोकळ्या करण्याचे. रोपे, दिवे, बाकडी या गोष्टी नंतरच्या.

नदीचा हा दंडक कायद्यानेही मान्य केलेला आहे. राज्यात पूररेषा दोन असतात. निळी रेषा सर्वसाधारणपणे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, तांबडी शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. 2020 च्या डिसेंबरमध्ये मंजूर झालेल्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीनुसार नदीकाठ आणि निळी रेषा यांच्यामध्ये बांधकामाला मनाई आहे. चालतात त्या गोष्टी अशा: बाग, हिरवळ, वाहनतळ, उघडा भाजीबाजार, स्मशानभूमी, सांडपाणी शुद्धीकरण केंद्र, सार्वजनिक स्वच्छतागृह. ही यादी रुक्ष वाटेल, पण नदीकाठच्या प्रत्येक नगरपालिकेच्या सभागृहात ती टांगून ठेवावी अशी आहे. लोकांनी यावे, वापरावे आणि जावे, अशाच गोष्टी तिच्यात आहेत. सभागृह तिच्यात नाही, कायमचे व्यासपीठ नाही, गाळे नाहीत. यात्रा, विसर्जन, अभिवादन हे सगळे मुक्कामाला न राहणारे कार्यक्रम आहेत. मांडव चार दिवसांत उभा राहतो, चार दिवसांत उतरतो. सगळ्यांना पाळी मिळते ती यामुळेच.

यावर पहिला आक्षेप साहजिक आहे. पुराने घरे पडतात, जनावरे वाहून जातात, 2019 आणि 2021 च्या आठवणी कृष्णाकाठच्या माणसाला अजून झोपू देत नाहीत; अशा पुराचे गोडवे कसे गायचे? गाऊच नयेत. वस्तीत शिरलेला पूर ही आपत्तीच आहे. पण बागेत शिरलेले पाणी आणि घरात शिरलेले पाणी यांतला फरक माणसाने ठरवलेला असतो. काठावर मोकळी जागा ठेवली की पाण्याला पसरायला वाव राहतो. ती भरून टाकली की तेच पाणी पलीकडची वस्ती शोधते. बाग बुडते ही तक्रार करण्यासारखी गोष्ट नाही. बुडण्यासाठीच ती तिथे आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. गावाला कार्यक्रमांसाठी पक्की सोय हवी, पर्यटक यायचे तर खुले नाट्यगृह, खाद्यपदार्थांचे स्टॉल, रोषणाई हवी, नुसत्या हिरवळीने गावाचे पोट भरत नाही. सोय हवी हे खरे, पण ती इथेच हवी असे कराडचा अनुभव सांगत नाही. यशवंतराव चव्हाणांच्या नावाचे कृषी प्रदर्शन बाजार समितीच्या बैल बाजार मैदानावर भरते. 1971 च्या युद्धातील विजयाची आठवण म्हणून होणारा विजय दिवस समारोह शिवाजी स्टेडियमवर झाला. जवानांची प्रात्यक्षिके, यंत्रांची दालने, हजारो शेतकऱ्यांची ये-जा हे सगळे पेलणारी मैदाने गावात आहेत आणि गावाने ती वापरलीही. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन या गावाने दोनदा भरवले आहे, 1975 आणि 2003 मध्ये. पहिल्याच्या अध्यक्ष दुर्गा भागवत होत्या आणि स्वागताध्यक्ष होते केंद्रात मंत्री असलेले यशवंतराव. आणीबाणीच्या त्या दिवसांत दुर्गाबाई जे बोलल्या ते स्वागताध्यक्षांच्या सरकारला झोंबणारे होते. मोठे कार्यक्रम पचवायची सवय या गावाला जुनी आहे. प्रश्न कोणता कार्यक्रम कुठे, एवढाच आहे, आणि त्याचे उत्तर गावाने बऱ्याच अंशी दिलेले आहे.

तिसरा आक्षेप समाधीचा. बांधकाम नको म्हणता, मग ती काय आहे? हा बिनतोड आहे असे वाटते खरे. समाधी हा अपवादच आहे आणि तो अपवादच राहिला पाहिजे. महाराष्ट्रात एका स्मारकाने दुसऱ्याला बोलावले नाही असे फारसे झालेले नाही. प्रत्येक पुढाऱ्याच्या अनुयायांना संगमाचीच जागा हवी असे झाले तर बागेचे स्मशान होईल, आणि नियमावलीच्या यादीत तेही बसेल!

आता अडचणींकडे. त्या थोड्या नाहीत आणि नदी त्या सोडवणार नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2018 च्या यादीत देशातले 351 प्रदूषित नदीपट्टे आहेत. त्यांतले 53 एकट्या महाराष्ट्रातले आणि कृष्णा त्यांत आहे. ज्या पाण्यात मूर्ती सोडायची, ज्याचे तीर्थ घ्यायचे, त्यात वरच्या गावांचे सांडपाणी आलेले असते. कराड पालिकेने स्वच्छ सर्वेक्षण 2020 मध्ये लाखाच्या आतल्या शहरांत देशात पहिला क्रमांक मिळवला. ते कौतुकाचेच आहे, पण झाडूने रस्ता स्वच्छ होतो, वरून येणारे पाणी होत नाही. प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींवर मंडळाची मार्गदर्शक तत्त्वे 2010 पासून आहेत आणि 2020 मध्ये ती कडक झाली. मग 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात हा वाद रंगला आणि सहा फुटांपर्यंतच्या मूर्ती कृत्रिम हौदातच विसर्जित करायच्या असे ठरले. हौद ठेवायला मोकळी जागा लागते, ती नदीकाठीच लागते, आणि विसर्जन संपले की तो हलवावाही लागतो. ओढ मात्र घाटाचीच असते. ती श्रद्धा नाकारून चालत नाही आणि तिच्यापुढे हात टेकूनही चालत नाही. घाटावर आरती आणि हौदात विसर्जन, हा मार्ग गैरसोयीचा असला तरी त्यातल्या त्यात बरा.

ध्वनीचे तसेच. निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा 2000 सालच्या नियमांत आहे. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद, आणि बारापर्यंतची सवलत वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस. हे पंधरा दिवस कोणाच्या वाट्याला जायचे यावर दरवर्षी ओढाताण होते. खेळाची मैदाने इतर कार्यक्रमांना द्यायची तर नगररचना कायद्याने वर्षातले मोजकेच दिवस ठरवून दिले आहेत. बागेसाठी असा हिशेब कोणी मांडत नाही. परवानगी मागेल त्याला मिळते किंवा ओळख असेल त्याला मिळते. त्यात राज्यातल्या बहुतेक नगरपालिकांवर कित्येक वर्षे प्रशासक होते. निवडून आलेला नगरसेवकच नसेल तर हिरवळीवर चौथा मांडव का घालू दिला हे नागरिकांनी विचारायचे कोणाला?

म्हणून कराड नगरपालिकेकडे, आणि नदीकाठी बाग असलेल्या प्रत्येक पालिकेकडे, एक साधी मागणी आहे. बागेत वर्षभरात कार्यक्रमांचे किती दिवस द्यायचे, कोणाला द्यायचे आणि मांडव किती तासांत उतरवायचा, हे गुढीपाडव्यापूर्वी ठरवून त्याची यादी जाहीर लावावी. काठावर जे काही कायमचे बांधायचे आहे ते स्वच्छतागृहापुरते ठेवावे. बाकी पैसा वरच्या अंगाच्या सांडपाण्यावर खर्च करावा.