लख्ख उजेडाच्या बैठकीत मोठा टीव्ही

उदगीरच्या जुन्या मोहल्ल्यांतली घरे माळवदाची. जाड भिंती, लहान खिडक्या आणि वर उजेडापुरता एखादा झरोका. आत भर दुपारीही दिवा लावावा लागे, पण उन्हाळ्यात गारवा असे. आता शहराबाहेरच्या नव्या प्लॉटांवर स्लॅबची घरे उभी राहत आहेत. तिथे बैठकीच्या खोलीला सरकत्या काचांच्या मोठ्या खिडक्या असतात, भिंतींना पांढरा रंग आणि खाली चकचकीत फरशी. खोली दिवसभर लख्ख असते. अशा खोलीत हौसेने मोठा टीव्ही येतो आणि दुसऱ्याच दिवशी तक्रार सुरू होते की, पडद्यावर चित्र कमी आणि खिडकीच जास्त दिसते. मग जाड पडदे ओढून भर दिवसा अंधार करायचा. उजेडासाठी पैसे मोजून बांधलेले घर टीव्हीपायी काळोखे करायचे, हा तोट्याचा व्यवहार झाला.

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. लहान आणि मोठ्या टीव्हीला आता कर सारखाच आहे, त्यामुळे ५५ आणि ६५ इंचांकडे घराघरांतून ओढा वाढणे साहजिक आहे. म्हणून खरेदीआधी काय पाहावे, ते आम्ही इथे एकत्र मांडत आहोत.

आधी खोली, मग दुकान

पहिली परीक्षा घरच्या घरी, फुकटात होते. टीव्ही जिथे लावायचा आहे तिथे, तेवढ्याच उंचीवर, एक आरसा धरायला सांगा आणि तुम्ही नेहमीच्या जागेवर बसा. आरशात खिडकी, दार किंवा ट्यूबलाइट दिसली, तर तीच उद्या टीव्हीतही दिसणार. ही परीक्षा सकाळी, जुहरनंतर आणि असरच्या सुमारास अशी तीनदा घ्यावी, कारण घरातली मंडळी टीव्ही कधी पाहतात त्यावर सगळे अवलंबून आहे.

खिडकी टीव्हीच्या समोर असेल, तर प्रतिबिंब पडते. टीव्हीच्या मागच्या भिंतीला असेल, तर डोळे दिपतात आणि चित्र काळपट वाटते. खिडकी बाजूच्या भिंतीला असणे सर्वांत बरे.

ऋतूही लक्षात घ्यावा. आपल्या भागात डिसेंबरात भर दुपारी सूर्य दक्षिणेकडे, क्षितिजापासून सुमारे ४८ अंशांवर असतो, म्हणून दक्षिणेच्या खिडकीतून ऊन थेट आत शिरते. मेच्या मध्यात तो जवळजवळ डोक्यावर असतो, तेव्हा त्याच खिडकीतून दुपारचे ऊन आत येत नाही. मे महिन्यात निवडलेली जागा थंडीत त्रास देते, ती यामुळे.

आपल्या घरांत आणखी एक गोष्ट पाहावी लागते. बैठकीच्या खोलीत घरातल्या स्त्रिया आणि वडीलधारी नमाजही अदा करतात. उदगीरहून किब्ला पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे झुकलेला आहे. टीव्ही पश्चिमेच्या भिंतीवर लावला, तर बंद असतानाही तो काळ्या आरशासारखा समोर राहतो. त्यात आपलीच आकृती हलताना दिसते आणि मन विचलित होते. शिवाय पूर्वेला खिडकी असेल, तर सकाळचे ऊन नेमके त्याच भिंतीवर पडते. म्हणून जमल्यास दक्षिणेची भिंत पाहावी. तिथल्या टीव्हीचे तोंड उत्तरेकडे होते आणि उत्तरेकडून वर्षाचा बराच काळ थेट ऊन येत नाही. मात्र बरोबर समोर उघडी खिडकी नसावी.

किती मोठा?

बसण्याच्या जागेपासून भिंतीपर्यंत टेप लावा. टीव्हीच्या आकाराच्या साधारण दीडपट ते पावणेदोनपट अंतर सोयीचे असते. त्या हिशेबाने ४३ इंचांना साडेपाच ते सहा फूट, ५५ इंचांना सात ते आठ फूट आणि ६५ इंचांना आठ ते साडेनऊ फूट लागतात. हा इंचाचा आकडा कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचा असतो. प्रत्यक्षात ५५ इंची टीव्ही सुमारे चार फूट रुंद आणि सव्वादोन फूट उंच असतो. तेवढा जुना वर्तमानपत्राचा कागद भिंतीला चिकटवून दोन दिवस ठेवला, तरी बराच निर्णय होतो. दहा फूट रुंदीच्या खोलीत ६५ इंचांचा हट्ट शेजाऱ्याकडे पाहून केला जातो, गरजेपोटी नव्हे.

उजेडाला उत्तर

पडद्याचा उजेड 'निट' या एककात मोजतात. स्वस्तातले बरेचसे एलईडी टीव्ही २५० ते ३०० निटांचे असतात. संध्याकाळी ते चांगले दिसतात, पण लख्ख खोलीत फिके पडतात. अशा खोलीसाठी ५०० निटांच्या खाली जाऊ नये, खिडक्या फार मोठ्या असतील तर ७०० किंवा अधिक पाहावेत. जाहिरातीत 'पीक' म्हणून छापलेला मोठा आकडा बहुधा पडद्याच्या छोट्या भागाचा आणि क्षणभराचा असतो. म्हणून साध्या कार्यक्रमात पूर्ण पडद्याचा उजेड किती, हे विचारावे.

ओएलईडीचा काळा रंग अप्रतिम असतो, पण त्याचे खरे सुख अंधाऱ्या खोलीत. पूर्ण पडदा पांढरा झाला की त्यातले बरेच टीव्ही उजेड आपोआप कमी करतात. शिवाय दिवसभर एकच बातम्यांची वाहिनी चालू राहिली, तर तिच्या पट्टीचा ठसा कायमचा उमटण्याची भीती असते. लख्ख खोलीला मिनी एलईडी अधिक सोयीचा, कारण त्यात पडद्यामागे हजारो बारीक दिवे असतात आणि त्यांचे गट हवे तिथे कमी-जास्त होतात. क्यूएलईडी या नावाने रंग चांगला असल्याचे कळते, उजेड किती ते कळत नाही. तो वेगळा विचारावाच लागतो.

पडद्याचा पृष्ठभागही पाहावा. टीव्ही बंद करायला सांगून समोर उभे राहा. तुमचा चेहरा आरशासारखा स्वच्छ दिसला, तर खिडकीही तशीच दिसेल. मॅट पडदा प्रतिबिंब पसरवतो, पण भरपूर उजेडात त्यावरचा काळा रंग थोडा राखाडी दिसतो. खोली लांब असेल आणि माणसे दोन्ही बाजूंना बसत असतील, तर बाजूने पाहून रंग उडतो का, तेही तपासावे.

दुकानात टीव्ही बहुधा सर्वांत भडक मोडवर लावलेले असतात. तो 'स्टँडर्ड' करायला सांगा. घरातल्या लग्नाचे फोटो पेन ड्राइव्हवर न्या. ओळखीच्या माणसाच्या चेहऱ्याचा रंग बरोबर दिसतो का, हे आपले डोळे लगेच सांगतात.

इतके करूनही सर्वांत स्वस्त उपाय खिडकीवरच असतो. पातळ जाळीचा पडदा लावला आणि समोरची ट्यूबलाइट बाजूच्या भिंतीवर नेली, तर काही हजारांचा महाग टीव्ही घेण्याची गरजच कधी कधी उरत नाही. रात्रीसाठी मात्र उजेड कमी केलेला वेगळा मोड ठेवावा. दुपारी हवा असलेला उजेड इशानंतर मुलांच्या डोळ्यांना बोचतो.

ऊन, धूळ आणि वीज

बऱ्याच टीव्हींच्या पुस्तिकेत ४० अंशांपर्यंतच्या तापमानात वापरावा असे लिहिलेले असते. मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या पुढे जातो. म्हणून पडद्यावर थेट ऊन पडू देऊ नये, मागे हवा खेळेल एवढी जागा सोडावी आणि पत्र्याखालच्या खोलीत दुपारी टीव्ही तासन्‌तास चालवू नये. विजेचा दाब वरखाली होत असेल, तर स्टॅबिलायझर बसवावा. १२० वॉटचा टीव्ही रोज पाच तास चालला, तर महिन्याला सुमारे १८ युनिट वीज लागते. धूळ कोरड्या मऊ कपड्याने पुसावी. पडद्यावर साबण किंवा फवारा नको.

पॅनेलची वॉरंटी किती वर्षांची आहे आणि दुरुस्तीला माणूस उदगीरचाच येणार की लातूर-नांदेडहून, हे आधी विचारून बिलावर लिहून घ्यावे. खोके उघडून, टीव्ही चालवून पाहिल्यावरच पोहोच द्यावी. तक्रार उद्भवलीच, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यातल्या ग्राहक आयोगाकडे जाता येते आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही.

पैसा कुठून?

आमच्या मते खरा प्रश्न इथे आहे. 'नो कॉस्ट ईएमआय'च्या पाटीखाली कर्ज बहुधा व्याजाचेच असते. व्याजाएवढी सूट किमतीत दाखवली जाते, प्रोसेसिंग फी वेगळी लागते आणि हप्ता चुकला की दंड. शून्य टक्के व्याज अशी गोष्टच मुळात नसते, हे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना सांगितले आहे. सुदापासून दूर राहू इच्छिणाऱ्या घराने करारावर सही करण्याआधी तो वाचून घ्यावा आणि मसला जाणत्या आलिमांना विचारावा. दुकानदाराने स्वतः हप्ते दिले आणि ठरलेली किंमत पुढे वाढणार नसेल, तर असा व्यवहार बहुतेक आलिम जायज मानतात.

आपल्या भगिनींची भिशी हा तर जुना आणि स्वच्छ मार्ग. दहा जणींनी दरमहा पाच हजार रुपये टाकले, तर प्रत्येकीला आपल्या पाळीला पन्नास हजार मिळतात. मात्र भिशी चिठ्ठीची असावी, बोली लावून रक्कम कापून घेणारी नसावी.

आणि मुलीची फी, अब्बांच्या डोळ्यांचे ऑपरेशन किंवा कुणाचे देणे बाकी असेल, तर जुना टीव्ही अजून दोन वर्षे चालेल. मोठा पडदा घेणे चूक नाही. नजर मंदावलेल्या दादीला हरमची तरावीह घरबसल्या स्पष्ट दिसावी, मुलांनी हातातला मोबाइल ठेवून चार माणसांत बसून काही चांगले पाहावे, यासाठी तो उपयोगाचाच आहे. पण ऐपतीबाहेर गेला की त्याचा इस्राफ होतो. म्हणून आधी आरसा धरा, मग टेप लावा, मग घरातल्या सर्वांशी मशवरा करा. दुकानात त्यानंतर जावे.